कॅनन आर-१० की निकॉन झेड५०-टू? नागपुरात कॅमेरा निवडताना आम्ही काय-काय तपासलं

भाचीला नोकरी लागून वर्ष झालं आणि साठवलेल्या पैशातून तिनं कॅमेरा घ्यायचं ठरवलं. एका रविवारी घरी आली ती हातात कागद घेऊनच. कागदावर दोन नावं होती, कॅनन ईओएस आर-१० आणि निकॉन झेड५०-टू, आणि त्याखाली आकड्यांच्या दोन रांगा. म्हणाली, "मामा, पंधरा दिवस झाले वाचून राहिले. एकाचं वाचलं की तो चांगला वाटते, दुसऱ्याचं वाचलं की तो. तुम्हीच सांगा ना कोणता घेऊ."

मी नाव सांगितलं नाही. हे दोन्ही कॅमेरे आजच्या घडीला इतके चांगले आहेत की नुसतं नाव सांगणं म्हणजे अंदाजानं चिठ्ठी उचलणं. मात्र आपण कशाचे फोटो काढतो, कोणत्या लेन्सनं आणि कोणत्या उजेडात, हे ठरलं की दोघांतला फरक स्पष्ट दिसू लागतो. तो बघायला आम्हाला दीड महिना लागला. ज्या क्रमानं आम्ही गेलो, त्याच क्रमानं इथं लिहितोय. तुमच्यासमोर दुसऱ्या कुठल्या दोन कंपन्यांचे कॅमेरे असतील तरी क्रम हाच ठेवा.

आधी स्वतःचा फोन उघडा

कॅमेऱ्याची माहिती वाचायच्या आधी मागच्या वर्षभरात फोनवर काढलेले आणि जपून ठेवलेले फोटो बघा. सगळे नाही, जे पुसावेसे वाटले नाहीत तेवढेच. त्यांचे ढीग करा: घरातले कार्यक्रम, प्रवास, पक्षी-प्राणी, रस्त्यावरची माणसं, जेवणाची ताटं. प्रत्येक ढिगासमोर लिहा की फोन कुठं कमी पडला. लांबचं जवळ आलं नाही? घरातल्या उजेडात फोटो हलला? की पळणारं पोर पुसट आलं?

भाचीचं म्हणणं होतं की तिला "सगळ्याचेच" फोटो काढायचे आहेत. मोजल्यावर निम्म्याहून जास्त फोटो नागपुरातल्या अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा या तळ्यांवरच्या सकाळचे निघाले. त्यातले बगळे आणि पाणकावळे पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांएवढे. उरलेल्यांत हळदी, बारसं, साखरपुडा. व्हिडिओ जवळपास नाहीच. तिच्या पंधरा दिवसांच्या वाचनात व्हिडिओचे आकडे सगळ्यात जास्त होते आणि त्यांचा तिला उपयोग सगळ्यात कमी होता.

कागदावरचे आकडे: कोणते वाचायचे

आर-१० मे २०२२ मध्ये जाहीर झाला, झेड५०-टू नोव्हेंबर २०२४ मध्ये. दोन्हींत एपीएस-सी नावाच्या आकाराचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) आहे. कॅननचा २४.२ मेगापिक्सेल, निकॉनचा २०.९. दुकानात हा फरक फार मोठा करून सांगतात, म्हणून हिशेब करून बघू. कॅननचा फोटो आडवा ६००० पिक्सेलचा येतो, निकॉनचा ५५६८ चा. इंचाला ३०० ठिपके या दर्जानं छापलं तर एक होतो २० इंच रुंद आणि दुसरा साडेअठरा. भिंतीवर टांगलेल्या चौकटीत हा दीड इंच कुणाला दिसणार नाही. मेगापिक्सेलवर इथं निर्णय करू नका.

वजनाचा फरक मात्र हाताला कळतो. बॅटरी आणि कार्डासह आर-१० ४२९ ग्रॅमचा, तर झेड५०-टू साधारण ५५० ग्रॅमचा. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) दोन्हींत २३.६ लाख ठिपक्यांचा आहे, पण निकॉनचा बराच जास्त उजळ होतो. आपल्याकडच्या दुपारी डोळा आकाशातून व्ह्यूफाइंडरात आला की हे जाणवतं. कॅननच्या पाठीवर फोकसचा बिंदू सरकवायची छोटी जॉयस्टिक आहे, निकॉनमध्ये ती नाही. निकॉनला हेडफोनची जागा आहे, आर-१० ला नाही. व्हिडिओचं रंगकाम नंतर करणाऱ्यांसाठी निकॉनमध्ये एन-लॉग (मुद्दाम फिक्या रंगात चित्रण करायची सोय) आहे, आर-१० मध्ये लॉग नाही. मुलाखती किंवा लग्नाचे व्हिडिओ हेच तुमचं मुख्य काम असेल, तर या शेवटच्या दोन गोष्टींवर पारडं निकॉनकडे झुकतं. मग पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल.

दोन्हींत नसलेल्या गोष्टीही लिहून ठेवा, कारण विकणारा त्या आपणहून सांगत नाही. दोन्हींच्या बॉडीत हात हलण्यावरचा उपाय, म्हणजे सेन्सरचं स्थिरीकरण, नाही. ते लेन्समध्ये असेल तरच मिळेल. दोन्हींत कार्डाची जागा एकच. हौसेला एक कार्ड पुरतं. पण पैसे घेऊन लग्न करायचं असेल आणि ते एकच कार्ड बिघडलं, तर अक्षता पुन्हा पडत नाहीत. त्या कामासाठी दोन कार्डांचा कॅमेरा बघा. कॅननमध्ये आर-७, निकॉनमध्ये झेड५-टू. खर्च वाढतो, पण त्या कामात ही तडजोड करू नये असं माझं ठाम मत आहे.

लेन्स: खरी निवड इथं होते

बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स त्याहून कितीतरी जास्त टिकते. कंपनी निवडणं म्हणजे लेन्सचं घर निवडणं. म्हणून दोन कॅमेरे समोर ठेवायच्या आधी दोन *संच* कागदावर मांडा. तुमच्या पहिल्या दोन ढिगांना लागणारी प्रत्येकी एक लेन्स, एक जादा बॅटरी, एक चांगलं कार्ड, पिशवी. सगळ्याची बेरीज करा आणि तुलना त्या बेरजेची करा. नुसत्या बॉडीच्या किमती शेजारी ठेवल्या की हमखास फसायला होतं.

सोबत येणाऱ्या छोट्या लेन्सपासून सुरुवात करू. मिलिमीटरचा आकडा लहान तितकं जास्त रुंद मावतं, मोठा तितकं लांबचं जवळ येतं. आर-१० बरोबर बहुधा १८-४५ मिलिमीटरची येते, झेड५०-टू बरोबर १६-५० ची. १८ आणि १६ यांत फरक काय, असं वाटेल. पण कॅननचा सेन्सर थोडा लहान आहे. त्याचा गुणक १.६, निकॉनचा १.५. म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात कॅनन २९ च्या आसपास सुरू होतो आणि निकॉन २४ ला. व्यवहारात अर्थ असा की तेवढ्याच अंतरावरून निकॉनमध्ये १२ माणसांची रांग मावत असेल, तर कॅननमध्ये १० मावतील. नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागातल्या जुन्या घरात, जिथं पाठ भिंतीला टेकली की मागं जायला जागा नसते, तिथं ही दोन माणसं म्हणजे आजी आणि आत्या असतात. घरगुती कार्यक्रम हाच मोठा ढीग असणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. कॅननची १८-१५० असलेला संच घेतला तर लांबी खूप मिळते, पण रुंदी तेवढीच राहते.

आता पक्षी. इथं गोष्ट उलटते. निकॉनची ५०-२५० ही हलकी, चारशे ग्रॅमच्या आसपासची आणि किमतीच्या मानानं फार छान लेन्स आहे, आणि अनेकदा जोडसंचात मिळते. पण ती २५० ला थांबते. त्यापुढं निकॉनमध्ये पक्ष्यांसाठी नाव घेतलं जातं १८०-६०० चं. लेन्स उत्तम आहे, पण ती एकटीच दोन किलोच्या घरात आणि किंमत बॉडीहून बरीच जास्त. कॅननकडे मधली पायरी आहे: आरएफ १००-४००. वजन ६३५ ग्रॅम, लेन्समध्ये स्थिरीकरण, आणि आर-१० वर तिचा आवाका ६४० मिलिमीटरसारखा होतो. अंबाझरीच्या काठावर तासभर गळ्यात अडकवून फिरता येईल अशी लांब लेन्स या किमतीत माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

याचा हिशेबही करून बघितला. तेवढ्याच अंतरावरचा तोच खंड्या निकॉन आणि २५० मिलिमीटरवर १००० पिक्सेल लांब आला, तर कॅनन आणि ४०० वर तो सुमारे १८०० पिक्सेल लांब येतो. लेन्स लांब, आणि कॅननचे पिक्सेलही थोडे बारीक, या दोन्हींचा गुणाकार आहे हा. मेगापिक्सेलच्या आकड्यात न दिसणारा फरक इथं डोळ्यांत भरतो.

पण त्या लेन्सची अडचणही सांगतो. ४०० वर तिचं तोंड एफ ८ एवढंच उघडतं (एफचा आकडा मोठा तितकं तोंड लहान). जानेवारीत गोरेवाड्याला सकाळी सातला झाडाखाली उजेड इतका कमी असतो की आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ६४०० च्या वर न्यावा लागतो आणि पिसांचा बारीक पोत विरघळतो. साडेआठनंतर ऊन आलं की तीच लेन्स वेगळी वाटते. जंगलातल्या पहाटेचेच फोटो हवे असतील, तर लहान तोंडाची लेन्स घेताना हे माहीत असू द्या.

घरातल्या उजेडासाठी मात्र दोघांत बरोबरी आहे. सिग्माची ३० मिलिमीटर एफ १.४ आणि ५६ मिलिमीटर एफ १.४ निकॉनच्या झेड माउंटवरही (माउंट म्हणजे लेन्स बसायची कडी) मिळते आणि कॅननच्या आरएफवरही. कॅननसाठी सिग्मानं त्या २०२४ मध्ये जाहीर केल्या. त्याआधी कॅननवर हाच मोठा आक्षेप होता आणि जुन्या लेखांमध्ये तो अजून वाचायला मिळतो. एफ ६.३ च्या तुलनेत एफ १.४ वर सेन्सरला वीसपट उजेड मिळतो. हळदीच्या संध्याकाळी हा वीसपट फरक कोणत्याही बॉडीतल्या फरकापेक्षा मोठा आहे. फक्त या लेन्समध्ये स्थिरीकरण नाही आणि बॉडीतही नाही, तेव्हा माणसांसाठी शटर १/१०० सेकंदाहून संथ ठेवू नका.

घरात जुन्या लेन्स पडल्या असतील तर ते गणित वेगळं. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्या आतच असते, त्यामुळे त्या नव्या बॉडीला जोडणाऱ्या अॅडॅप्टरवर फोकस आपोआप करतात. निकॉनच्या एफ माउंटचा इतिहास १९५९ पासूनचा आणि खजिना मोठा, पण एफटीझेड अॅडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स चालतात. ज्या जुन्या एएफ-डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर फिरायच्या, त्यांचा फोकस हातानं करावा लागतो. शेजारच्या काकांनी प्रेमानं दिलेल्या दोन लेन्सवर विसंबून भाची निकॉन घेणार होती. लेन्सवरची अक्षरं वाचली, दोन्ही "डी" निघाल्या.

दुकानातला एक तास

बर्डी असो की धरमपेठ, दुकानात शनिवार-रविवार सोडून सकाळी उघडल्या-उघडल्या जा. गर्दी नसते आणि विकणाऱ्यालाही वेळ असतो. सोबत *दोन* रिकामी एसडी कार्डं न्या, प्रत्येक कॅमेऱ्याला एक. एकच कार्ड आलटून-पालटून घातलं आणि कुणी फॉरमॅट दाबलं, तर अर्धी चाचणी जाते. चष्मा लागत असेल तर तो घालूनच बघा.

पहिली दहा मिनिटं फोटो काढू नका. कॅमेरा नुसता धरून उभे राहा, हात खाली सोडून. करंगळी पकडीवर बसते की खाली लोंबते? निकॉनची पकड खोल आहे. माझ्या हाताला तोच बसला. भाचीचा हात लहान, तिला कॅनन बसला. यात चूक-बरोबर काही नाही, म्हणूनच दुसऱ्याच्या हाताचा अनुभव उसना घेता येत नाही.

मग तुम्ही घेणार असलेलीच लेन्स लावायला सांगा, दुकानात आधीच लावून ठेवलेली नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला लावा आणि बटणांकडे न बघता चार गोष्टी बदला: फोकसचा बिंदू, आयएसओ, उजेडाची भरपाई, आणि सलग फोटोंचा वेग. पहिल्या वेळी चुकालच. पाचव्या वेळीही चुकत असाल तर नोंद करा.

सलग फोटो काढून बघा. यांत्रिक शटरवर कॅनन सेकंदाला १५ पर्यंत जातो, निकॉन ११ पर्यंत. कॅननचा आकडा मोठा, पण रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) त्याची आतली साठवण दोनेक सेकंदांत भरते आणि वेग पडतो. बटण दाबून धरा आणि मनात अंक मोजा. किती वेळानं अडखळतो, ते कार्डावरच्या फोटोंवरूनही नंतर मोजता येतं.

बाहेरच्या चाचण्या

दुकानाच्या दिव्यांत सगळे कॅमेरे चांगले वाटतात. म्हणून एक दिवस तरी कॅमेरा बाहेर न्यायला हवा. लग्नाचं काम करणारे फोटोग्राफर बॉडी-लेन्स भाड्यानं घेत असतात. ते कुठून आणतात हे एखाद्या ओळखीच्या फोटोग्राफरला विचारा. एका दिवसाचं भाडं लेन्सच्या किमतीपुढं काहीच नाही. आम्ही दोन्ही कॅमेरे एकाच दिवसासाठी आणले.

पहिली चाचणी तळ्यावर. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन अंबाझरीला उभे राहा. आधी बसलेला वंचक, मग उडणारा बगळा, आणि शेवटी सगळ्यात अवघड, मागे झाडी असताना उडणारी घार. दोन्ही कॅमेरे पक्षी ओळखून डोळ्यावर चौकट लावतात. निकॉनमध्ये पक्ष्यांसाठी वेगळा पर्याय आहे, कॅननमध्ये पक्षी "प्राणी" या गटातच येतात. प्रत्येक प्रकाराच्या वीस-वीस मालिका काढा आणि घरी येऊन किती फोटोंत डोळा धारदार आहे ते मोजा. आमच्या मोजणीत बसलेल्या पक्ष्यांत फरक पडला नाही. झाडीसमोरच्या घारीवर निकॉन जास्त वेळा टिकून राहिला, कॅनन मधूनच फांद्यांकडे जायचा. नंतरच्या पिढीचा प्रोसेसर असल्याचा हा फायदा असावा.

बटण दाबायच्या *आधीचे* क्षण पकडायची सोय दोन्हींत आहे, आणि पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्यासाठी ती फार मोलाची आहे. पण तिच्या अटी वाचा. निकॉन एक सेकंद आधीपर्यंतचे फोटो देतो, पण फक्त जेपेगमध्ये. कॅनन अर्धा सेकंद आधीचे देतो आणि तेही रॉमध्ये, पण सगळे एका लांब फाइलमध्ये बांधून. त्यातून हवा तो फोटो नंतर वेगळा काढावा लागतो. दोन्ही वेळा शटर इलेक्ट्रॉनिक असतं, त्यामुळे फार वेगानं हलणारं पंख वाकडं दिसू शकतं. हे वाकणं समजून घ्यायचं असेल तर वर्धा रोडवर डबल डेकर पुलापासून थोडं बाजूला उभं राहून वरून जाणाऱ्या मेट्रोचा फोटो इलेक्ट्रॉनिक शटरवर काढा. खांब सरळ राहतील आणि डबा तिरका होईल.

दुसरी चाचणी मांडवातली. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुने ट्यूबलाइट आणि साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० ठेवलं तर फोटोत पट्टे येत नाहीत. हल्लीच्या सभागृहांतल्या एलईडी भिंतींचं लुकलुकणं वेगळं आणि खूप जलद असतं. तिथं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, दोन्ही कॅमेऱ्यांत. मग हळदीचा पिवळा रंग बघा. गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यावर ओली हळद, वरून पिवळे दिवे, आणि मागे झेंडू. इतकी अवघड रंगपरीक्षा कुठला तक्ता घेत नाही. फोटो पाठच्या पडद्यावर छान दिसतो, पण तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उघडला की लाल रंग उजव्या कडेला जाऊन आपटलेला दिसतो. तिथं हळदीचा पोत संपून सपाट पिवळा डाग उरतो. उजेड अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी करून पुन्हा काढा. ते बदलायला कोणत्या कॅमेऱ्यात तुम्हाला कमी वेळ लागला, तेवढंच लिहा.

तिसरी चाचणी काळ्या-पांढऱ्याची. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा भाग समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीतली काळी मारबत (मोठा काळा पुतळा) चौकट भरून घेतली की तो तिला करडी करतो. विजयादशमीला दीक्षाभूमीवर पांढऱ्या साड्यांची रांग आणि मागे पांढरा घुमट घेतला की पांढरं मळकट करतो. काळ्याला साधारण एक स्टॉप कमी आणि पांढऱ्याला एक स्टॉप जास्त, एवढी भरपाई हातानं द्यावी लागते. व्ह्यूफाइंडरमध्येच बदल दिसत असल्यानं दोन्ही कॅमेऱ्यांत हे सोपं आहे. सण येईपर्यंत थांबायला नको, घरात काळी छत्री आणि पांढरं धोतर पसरून करता येतं.

उन्हाचीही एक चाचणी करा. दोन्ही कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची वरची मर्यादा ४० अंश दिली आहे. आपल्याकडे नवतप्यात ४५ च्या वर जातं आणि बंद गाडीत त्याहून पुष्कळ जास्त. उन्हाळ्यातल्या दुपारी सावलीतच फोर-केमध्ये वीस मिनिटं सलग चित्रण करून बघा. फोटो काढणाऱ्याला याचा त्रास सहसा होत नाही, पण व्हिडिओवाल्यांनी ही चाचणी टाळू नये.

नावं झाकून फोटो बघा

घरी आल्यावर दोन्ही कार्डांतले जोडीचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून त्यांना फक्त अंक द्या. कोणता कशाचा हे वेगळ्या वहीत. रॉ फाइल उघडायला कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट मिळतं, पण तुलनेसाठी दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नाहीतर तुम्ही कॅमेऱ्यांऐवजी सॉफ्टवेअरची तुलना कराल. फोटो शंभर टक्के मोठा करून कोपरे शोधत बसू नका. दोन्ही पडद्यावर सारख्या आकारात ठेवा आणि ज्यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही अशा घरच्यांना विचारा, कोणता आवडला. आमच्या ताईनं चेहऱ्यांच्या फोटोंत कधी हा, कधी तो निवडला. खंड्याचा मात्र प्रत्येक वेळी एकच, ४०० मिलिमीटरवाला.

बिल, वॉरंटी आणि जुना माल

माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या वेळी "बिल नको असेल तर कमी करतो" या वाक्याला मी हो म्हटलं होतं. आठ महिन्यांत शटर अडकलं आणि सर्व्हिस केंद्रानं तो कॅमेरा भारतासाठी आलेलाच नाही म्हणून परत केला. दुरुस्तीत वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त गेले. त्यामुळे बिलावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घ्या, ते खोक्यावरच्या आणि प्रत्यक्ष अंगावरच्या नंबरांशी तिथंच जुळवा, आणि वॉरंटी कार्ड भारतातल्या कंपनीचं आहे ना ते वाचा. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तुमच्या व्यवसायाचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर घाला. करात वळत्या होणाऱ्या त्या अठरा टक्क्यांनी दोन संचांमधली तफावत बदलू शकते.

वापरलेला कॅमेरा घेत असाल तर एफ १६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग ठिपक्यांसारखे दिसतात. लेन्समधून फोनचा टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडा.

काय घेतलं आणि का

भाचीनं कॅनन आर-१० घेतला, १००-४०० सह, आणि घरासाठी सिग्माची ३० मिलिमीटर. घारीवर निकॉन सरस होता हे तिनं स्वतः मोजलं होतं. तरी तिच्या पैशात निकॉनबरोबर ती २५० लाच थांबणार होती, आणि तिचे निम्मे फोटो तळ्यावरचे. तिच्या जागी मी असतो, म्हणजे मोठा हात, घरातले कार्यक्रम आणि थोडा व्हिडिओ, तर मी झेड५०-टू आणि १६-५० घेतली असती. १८०-६०० चं वजन आणि किंमत ज्यांना झेपते, त्या पक्षीवाल्यांनाही मी निकॉनच सुचवेन.

पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जाणार असाल तर एक सांगून ठेवतो. जिप्सीत लेन्स बदलू नका, तिथली धूळ पिठासारखी बारीक असते आणि थेट सेन्सरवर बसते. वाघ रस्त्यावर जवळ आला तर १००-४०० ची १०० सुद्धा जास्त होते. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवा आणि नुसतं बघा.

पहिला आठवडा

दुकानाची बदलून देण्याची मुदत घेतानाच विचारा आणि सगळ्या तपासण्या त्या मुदतीत उरका. झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो काढा, आणि तोच दोनदा काढा. दोन्हींत त्याच जागी पांढरा किंवा लाल ठिपका आला तर तो "हॉट पिक्सेल", म्हणजे विनाकारण उजळणारा पिक्सेल आहे. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी सरळ ठेवून चारही कोपरे बघा. एकच कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा पुसट असेल तर लेन्स आतून तिरकी बसली आहे, बदलून मागा. दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या छोट्या आहेत आणि दिवसभराला एक पुरत नाही. दुसरी मूळ कंपनीचीच घ्या.

कॅमेरा ठेवायची जागा पहिल्याच दिवशी ठरवा. आपल्याकडे एप्रिल ते जून कोरडा उन्हाळा म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्याच महिन्यांत घरात कुलर चालतो आणि कुलरच्या खोलीतली हवा पावसाळ्यासारखी ओली होते. लेन्सला बुरशी लागायला तेवढं पुरतं. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, आणि काटा ४० ते ५० च्या मध्ये. भाचीचा डबा कुलर नसलेल्या खोलीत, कपाटाच्या मधल्या फळीवर आहे.